सोड

टिकलीला साधारण तीस शब्द कळतात. त्यांतला सगळ्यांत झिजलेला शब्द म्हणजे ‘सोड’.

चप्पल तोंडात आहे, सोड. उशीचा कोपरा, सोड. खार दिसली, सोड. कबूतर, सायकल, फुगा, पळणारं मूल, वाऱ्यावर गिरकी घेणारं पान... सोड, सोड, सोड. हा शब्द शिकवायला जवळजवळ वर्ष गेलं आणि पक्का करायला आणखी दोन. आता मी नुसती कुजबुजले तरी ती असेल तिथे थबकते, मान वळवून माझ्याकडे बघते आणि परत येऊन पायाशी बसते. ओळखीपाळखीत तिच्या या शहाणपणाची कीर्ती आहे. खोटं कशाला बोलू, त्या कीर्तीवर मीच मिरवते.

एवढा अट्टहास कशासाठी, तर ती वर्षाची असताना एका मांजरामागे गेली म्हणून. गळपट्टा मानेवरून उलटा निसटला आणि माझ्या हातात लीश राहिली, तिच्या टोकाला रिकामा पट्टा लोंबकळत. पुढचे पावणेतीन तास मी काय काय केलं ते आता नीट आठवतही नाही. घसा बसला होता एवढं आठवतं. ती परत आली ती स्वतःहून. पोटापर्यंत चिखल, पुढच्या पायाचं एक नख तुटून रक्त आलेलं, आणि चेहरा असा की जगात हिच्याएवढं सुखी कोणी नाही. मी तिला छातीशी धरून रडले आणि दुसऱ्या दिवसापासून ‘सोड’ सुरू केलं. तिचा तो चेहरा मी तेव्हा बघून न बघितल्यासारखा केला. त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

त्यामुळे माझी मैत्रीण, जिच्याकडे व्हिपेट जातीचा कुत्रा आहे, जेव्हा म्हणाली, “अगं, तिला एकदा लुअर कोर्सिंगला घेऊन ये, पळवून तर बघ,” तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. तीन वर्षं घासून घासून ज्या गोष्टीचा नाद सोडवला, तीच मी रांगेत उभं राहून करवून घेऊ?

लुअर कोर्सिंग म्हणजे काय, हे तोवर मला ऐकूनच माहीत होतं. मोकळ्या मैदानात जमिनीलगत एक लांबलचक दोरी कप्प्यांमधून फिरवलेली असते. दोरीला पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधतात. एक मोटर ती दोरी खेचते, पिशवी सशासारखी सळसळत, वळणं घेत पळते आणि तिच्यामागे कुत्रा. बस, एवढंच. ससा नाही, रक्त नाही, शेवटी हाती लागते ती पिशवी.

आपल्याला ही कल्पना नवी वाटायचं खरं तर कारण नाही. पळणारं आमिष, त्याच्यामागे भान हरपून धावणारा, आणि ते पळवणारा कोणी तिसराच. मारीच राक्षस सोन्याचं हरीण होऊन पळाला, तेव्हा दुसरं काय झालं होतं? तिथे तर धावणारा प्रत्यक्ष राम होता. टिकली तर बिचारी टिकली.

पण ज्यांनी हा खेळ काढला त्यांचा हेतू मारीचाच्या उलट होता. पूर्वी कोर्सिंग म्हणजे जिवंत सशामागे दोन कुत्रे सोडायचे आणि कोण सरस ते बघायचं. कॅलिफोर्नियात अशाच उघड्या रानातल्या पळवापळवीत कुत्रे काटेरी तारांत अडकून जखमी व्हायचे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला लाइल गिलेट आणि त्याच्या सोबत्यांनी सशाच्या जागी दोरीवरची पिशवी आणली आणि 1972 मध्ये अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन स्थापन झाली. साइटहाउंड म्हणजे वासापेक्षा नजरेवर शिकार करणारी कुत्री: ग्रेहाउंड, व्हिपेट, सलूकी, अफगाण, बोरझोई, आपल्याकडचे कारवान म्हणजेच मुधोळही याच गोतावळ्यातले. बरीच वर्षं हा खेळ या उंच, कमनीय, लांब तोंडाच्या मंडळींपुरताच होता. 2011 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने एक चाचणी सुरू केली, तिच्यात कुठल्याही जातीचा आणि कुठल्याच जातीचा नसलेला कुत्राही पळू शकतो. बुटक्यांना आणि चपट्या नाकाच्यांना 300 यार्ड, बाकीच्यांना 600 यार्ड, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर. मात्र कुत्रा किमान 12 महिन्यांचा हवा. हाडं पुरती भरायच्या आत असल्या वळणावळणाच्या धावेने सांध्यांची वाट लागते.

टिकली या दुसऱ्या गटातली. कुळ विचाराल तर तिलाही माहीत नाही. पाय लांब, छाती खोल, एक कान उभा, एक पडलेला, आणि कपाळावर पांढरा ठिपका, ज्याच्यावरून नाव पडलं.

शेवटी गेलो. लेकीने हट्ट धरला, हे सांगायचं कारण. खरं कारण तो चिखलातला चेहरा असावा.

मैदानावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गवतावर दव होतं आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांना आटपायचं होतं. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गाद्यांना. बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो, म्हणून तापलेल्या दिवशी जीव तोडून पळणारा कुत्रा कधी कोसळेल सांगता येत नाही. रात्रीपासून टिकलीच्या पोटात अन्न नव्हतं, तेही मुद्दाम. भरल्या पोटी पळवलं तर जठराला पीळ पडायची भीती असते, आणि खोल छातीच्या कुत्र्यांत ती जास्त. नखं आदल्या दिवशी कापलेली. डॉक्टरांनी गुडघे, खुबे, हृदय तपासून दिलेलं. एवढी तयारी मी स्वतःच्या तब्येतीची कधी केलेली नाही.

यंत्र एका काकांच्या ताब्यात होतं. निवृत्त माणूस, डोक्यावर टोपी, हातात बटण. मोटर म्हणजे चक्क गाडीचा स्टार्टर, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा, आणि त्याला बसवलेलं एक चाक. त्यांनी आम्हां नवख्यांना आधी दोरी दाखवली. “ही चालू असताना हिच्या आसपास जायचं नाही. दिसायला बारीक आहे, पण पोटरीवरून सर्रकन गेली की चामडी सोलून जाते. कुत्रं अडकलं तरी मोटर बंद झाल्याशिवाय कोणी धावायचं नाही.” मग एकेक करून कुत्रे आले.

पहिला मैत्रिणीचा व्हिपेट. घरी हा प्राणी पांघरुणात तोंड खुपसून झोपणारा, दारावरची घंटा वाजली तरी न उठणारा. इथे पिशवी नुसती हलली आणि त्याने असा टाहो फोडला की मी दचकले. “आनंदाने ओरडतोय,” मैत्रीण म्हणाली. त्याला धरायला गळपट्टा नव्हता. एक पट्टी मानेभोवतून घेऊन तिची दोन्ही टोकं तिने मुठीत धरली होती. एक टोक सुटलं की कुत्रा मोकळा, कुठे आकडा नाही, अडकणं नाही. पिशवीने झेप घेतली, काका ओरडले, “सोडा!” आणि तो गेला.

त्याला पळणं म्हणायचं तर मग आपण करतो त्याला दुसरं नाव शोधायला हवं. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकायचा आणि सुटायचा. भरधाव घोड्याचे चारी पाय एका ढांगेत एकदा हवेत असतात, या कुत्र्यांचे दोनदा: एकदा अंग आवळलेलं असताना, एकदा पुरतं ताणलेलं असताना. हे वाचलेलं होतं. डोळ्यांनी बघताना मात्र मोजता येत नाही, फक्त असं वाटतं की हा जमिनीला अधूनमधून आठवण म्हणून हात लावतोय.

वळणावर तो पिशवीबरोबर वळला, जणू त्यालाही कप्पी बसवली होती. त्याच्यामागून आलेला एक म्हातारा, हुशार ग्रेहाउंड मात्र दोन वळणं इमानाने पळाला, तिसऱ्याला मधूनच आडवा कापत गेला आणि पिशवी जिथून येणार तिथे जाऊन उभा राहिला. सगळे हसले. स्पर्धेत याला गुण कापतात, मैत्रीण म्हणाली. त्या अमेरिकन संघटनेच्या शंभर गुणांत वेगाला 25, चपळाईला 25, दमाला 20, पिशवीमागे इमानाने जाण्याला 15 आणि उत्साहाला 15. मला त्या म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं. ज्याला सगळं कळून चुकलंय त्याचे गुण कापायचे, हे जरा जास्तच झालं. पण उत्साहाला 15 गुण, हे मात्र आवडलं.

आणि टिकली? टिकली माझ्या पायाशी बसून होती. ती पिशवीकडे बघायची, अंग ताठ व्हायचं, शेपूट थरथरायची. मग कुत्रा सुटायचा आणि ही खाली बसायची. प्रत्येक वेळी. कुत्रा सुटला की ही बसली. मला वाटलं, गर्दीला बुजली असेल. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. एवढा गोंधळ चालू असताना बघा माझी टिकली कशी शांत.

आमची पाळी आली. मी पट्टी तिच्या मानेभोवती घेतली, दोन्ही टोकं मुठीत. काकांनी पिशवी हलवली, अगदी तिच्या समोर, दहाएक पावलांवर. तिच्या मानेचे स्नायू माझ्या बोटांखाली एकेक करून जागे झाले, ते मला कळलं. पडका कानसुद्धा उभा राहिला. मोटर घरघरली, पिशवी उडाली, टिकलीने अंग पुढे टाकलं.

“सोडा, ताई!”

मी टोक सोडलं. ती सुटली. आणि वीस पावलांवर थबकली, मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि दुडक्या चालीने परत येऊन माझ्या पायाशी बसली. शेपटीने गवतावरचं दव झाडत. बरोबर ना? केलं ना मी?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, “काय गुणी आहे!” पिशवी एकटीच मैदानभर फिरून आली.

काकांना वाटलं, तिला गोडी नसेल, काहींना नसते. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. पिशवी, मोटर, “सोडा!”, वीस पावलं, परत. या वेळी ती बसता बसता किंचित केकाटली. तेवढ्यात माझी लेक दोरीपलीकडून ओरडली, “आई! अगं, काका तिला ‘सोड’ म्हणतायत!”

काही क्षण मला अर्थच लागला नाही. मग लागला. काका मला सांगत होते, कुत्र्याला सोडा. टिकलीला ऐकू येत होतं, पिशवी सोड. आणि तिने सोडली. समोर तिच्या आयुष्यातली सगळ्यांत हवीशी गोष्ट पळत होती, मागून तो शब्द आला आणि तिने ती सोडली. दोनदा. त्याआधी दुसऱ्या कुत्र्यांच्या वेळीही, बसल्या जागी, प्रत्येक वेळी.

मला हसू आलं आणि ते घशात अडकलं.

या शब्दाचंही नवल आहे. ज्याच्यावर पाणी सोडायचं तेही सोडायचं, आणि ज्याला मोकळं करायचं तेही सोडायचं. नाद सोडतो, गाई सोडतो. धरून ठेवणाऱ्याने हात उघडला तरी सोडणं, हवं असणाऱ्याने मन मारलं तरी सोडणं. माणसांना संदर्भावरून कळतं कोणी काय सोडायचंय. तीन वर्षांत मी टिकलीला त्यातलं एकच सोडणं शिकवलं होतं, तिच्या बाजूचं. माझ्या बाजूने हात उघडायचा असतो, त्याला आमच्या घरात शब्दच नव्हता. ‘पळ’ नाही, ‘जा’ नाही, ‘घे’ फक्त खाऊच्या वाटीपुरतं.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, “स्पर्धेत ‘टॅली-हो’ म्हणतात. तेच म्हणू. तिला इंग्रजी येत नाही ना?”

आधी अर्धा तास तिला नुसतं खेळवलं. काकांनी दोरीचा तुकडा घेतला, त्याला पिशवी बांधली आणि हातानेच गवतावरून ओढली. ती बघायची आणि माझ्याकडे वळायची. मी दुसरीकडे बघत उभी राहिले. माझ्या चेहऱ्याकडे परवानगी मागायची सवय तिला मीच लावली, आता तो चेहराच हजर ठेवायचा नाही, असं मैत्रिणीने बजावलं होतं. तिने एक पंजा पिशवीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग दातांत धरून एकच झटका दिला आणि ताबडतोब टाकली, चोरी पकडली गेल्यासारखी. कोणी काही बोललं नाही. पुन्हा धरली. या खेपेला टाकली नाही.

मग पुन्हा रेषेवर. माझ्या तळव्यांना घाम आला होता. मोटर घरघरली. पिशवी उडाली. काका घसा साफ करून, अत्यंत गंभीरपणे म्हणाले, “टॅली-हो.”

मी टोक सोडलं. वीस पावलं झाली. तीस झाली. मी श्वास धरून होते.

वारं प्यायलेली वासरं बघितली असतील तर थोडी कल्पना येईल. कान मागे चिकटलेले, शेपूट सुकाणूसारखी सरळ, आणि पाठ, जी मी रोज थोपटते, ती पाठ मला अनोळखी होती. कुत्र्याच्या पुढच्या पायांचा सांगाड्याशी हाडाचा सांधाच नसतो, खांदे नुसत्या स्नायूंच्या झोळीत बसवलेले असतात. म्हणून ते एवढे पुढे फेकता येतात. टिकलीकडे हे सगळं सामान चार वर्षं पडून होतं, आणि आम्ही ते घेऊन कोपऱ्यापर्यंत फिरून यायचो.

पहिल्या वळणाला पिशवी डावीकडे गेली आणि टिकली सरळ. दहा-पंधरा पावलं भलतीकडे जाऊन तिच्या लक्षात आलं, तिने मागचे पाय रोवले, दवावरून घसरली, कुशीवर पडली, एक कोलांटी झाली. मी पुढे पाऊल टाकलं, तेवढ्यात मैत्रिणीने माझा दंड पकडला. टिकली उठली होती. काकांनी पिशवी थोडी रेंगाळवली, तिला दिसेल अशी. पांढरा रंग यासाठीच असतो. हिरव्या गवतावर लाल वस्तू कुत्र्याला मातकट दिसते, पांढरी मात्र झळकते, आणि हलणारी तर त्याच्या नजरेतून सुटतच नाही. दुसऱ्या वळणाला ती आधीच आतल्या अंगाला झुकली. तिसऱ्याला तिने पिशवीच्या मागे नाही, पिशवीबरोबर वळण घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं.

आणि एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

मिनिटभराहून कमीच पळली असेल. तेवढा वेळ तिच्या जगात मी नव्हते, आणि हे मला टोचलं. हाताच्या मुठीत पट्टीचं एक टोक घेऊन, सगळे आनंदाने ओरडत असताना, मी मनात म्हणत होते, एकदा तरी बघ की गं इकडे.

शेवटी मोटर थांबली, पिशवी गवतात पडली आणि टिकलीने तिच्यावर झेप घेतली. दोन झटके दिले. मग सोडली, न सांगता, आणि दोरी जिकडे गेली होती तिकडे टक लावून उभी राहिली. पुढचा कुठे आहे?

मला वाटलं होतं, फसवणूक कळली की ती हिरमुसेल. एवढं पळून हाती काय, तर पिशवी. पण रेमंड कॉपिंजर हा जीवशास्त्रज्ञ सांगायचा की शिकार हे एक काम नसून कामांची साखळी असते: नजर रोखणं, दबा, पाठलाग, पकड, मारणं, खाणं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत या साखळीच्या काही कड्या जाड केल्या, काही झिजवल्या. मेंढ्या वळणारा बॉर्डर कोली दबा धरतो, पाठलाग करतो आणि तिथेच थांबतो. प्रत्येक कडी स्वतःचंच बक्षीस असते. पिशवी खोटी होती, पण टिकलीचं पळणं खोटं नव्हतं. कांचनमृगामागे धावणाऱ्याला हरीण हवं होतं, म्हणून तो फसला. टिकलीला हरीण नकोच होतं.

“टिकली, सोड! ये!” मी सवयीने हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आली नाही. काकांनी हात वर करून मोटर बंद असल्याची खूण केली आणि मी चालत गेले. आधी पट्टा, मग कौतुक, असं सांगितलं होतं. तसंच केलं. जीभ रुंद होऊन एका बाजूला लोंबत होती, बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या, गुडघ्यावर गवताचा हिरवा डाग. मी तिला हळूहळू चालवत राहिले, धाप जरा बसल्यावर पाणी दिलं तेही घोटघोट. आणि मग तिने आपलं सगळं वजन माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि वर बघितलं.

तोच चेहरा. चिखल तेवढा नव्हता.

घरी येताना मला एकच धास्ती होती: आता मांजरांचं काय? काका म्हणाले होते, कुत्र्यांना कळतं, ते मैदान वेगळं, ती पट्टी वेगळी, मोटरचा आवाज वेगळा. तीन आठवड्यांनी परीक्षा झालीच. भिंतीवरून एक बोका उतरला आणि आमच्या समोरून, मुद्दाम केल्यासारखा, सावकाश गेला. मी म्हणाले, “सोड.” टिकली थांबली. पण पूर्वी ती लगेच माझ्याकडे वळायची. या वेळी तिने आधी बोक्याला नखशिखांत बघून घेतलं, तो दिसेनासा होईपर्यंत, आणि मग सावकाश माझ्याकडे मान वळवली. मी काही बोलले नाही. खाऊ दिला.

घरात मात्र एक नवीन पंचाईत झाली आहे. काल संध्याकाळी कचरा भरायला मी खणातून पांढरी पिशवी काढली. नुसती झटकून उघडली, तेवढाच आवाज. मागे वळून बघते तर टिकली दारात उभी, पडका कान उभा, पुढचा एक पंजा उचललेला. मी हलके हलके पिशवी पाठीमागे नेली. ती कुल्ल्यांवर किंचित खाली बसली, झेप घेण्यापूर्वी बसतात तशी. माझ्या तोंडात ‘सोड’ आलं होतं. आतल्या खोलीतून लेक ओरडली, “आई, म्हण ना! टॅली-हो म्हण!”